एका खोलीच्या घरात अभ्यासाची जागा

(सोसायटीच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





'समाज आणि शिक्षण' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे मला कळविण्यात आले होते. विषय मोठा आहे आणि या व्यासपीठावरून तो माझ्याहून अधिकारी माणसांनी अनेकदा मांडला आहे. शिक्षण हवे की नको, हे तुम्हांला आता कोणी पटवून देण्याची गरज उरलेली नाही. ते पटले नसते, तर पाळी बुडवून आणि दुकान बंद ठेवून तुम्ही येथे आला नसतात. म्हणून अध्यक्ष महाशयांची परवानगी घेऊन मी विषय लहान करतो. दहा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एका खोलीविषयीच मी आज बोलणार आहे. तीत सात-आठ माणसे राहतात, तेथेच स्वयंपाक होतो, तेथेच पाहुणे बसतात, तेथेच रातपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो. त्याच खोलीत मुलाने अभ्यास करावयाचा आहे. तो त्याने कोठे बसून करावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

छत्तीस वर्षे मी शिक्षकाचे काम केले. या काळात कितीतरी पालक माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, पोरगा अभ्यासच करीत नाही, जरा समज द्या." मी त्यांना उलट विचारीत असे, "तो घरी अभ्यासाला बसतो कोठे?" यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असे, "बसतो की कुठेतरी!" पालकहो, दुखणे त्या 'कुठेतरी'त आहे. घरात पाण्याच्या हंड्याला जागा ठरलेली असते, चपलांना जागा ठरलेली असते, अब्बांच्या विडीकाडीलाही ठरलेला कोनाडा असतो. फक्त मुलाचे पुस्तक कुठेतरी असते.

हे मी दुसऱ्यांना सांगत होतो, पण माझ्या स्वतःच्या घरातही काही वेगळे नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. ती हकिकत आधी सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर व्हावयाचा राहिला होता, तो पुढे रद्दच झाला, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. भिवंडीतले यंत्रमाग थांबले. माझा जन्म या गावातला, पण इतकी शांत भिवंडी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. त्या जूनमध्ये मुलांची शाळा घरात आली. आमचे घर म्हणजे एक बाहेरची खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. त्यात मी, माझी पत्नी, मुलगा, सून, सातवीतली नात, तिसरीतला नातू आणि माझी विधवा थोरली बहीण, म्हणजे आमची आपा. शिकविणे हा तर माझा जन्माचा धंदा. मी घरच्यांना ऐटीत सांगितले, "काळजी करू नका, शाळा मी चालवतो."

पहिल्याच आठवड्यात माझी शाळा मोडली. घरात कामाचा फोन एकच, तो मुलाचा. नातवाला पलंगावर बसविले तर तो दहा मिनिटांत आडवा होई. नात उंबऱ्याजवळ बसली की येणारा-जाणारा तिला ओलांडून जाई. स्वयंपाकाकडे बसली की सून म्हणे, "बेटी, जरा दूध बघ." खिडकीजवळ बसली की शेजारीण बाहेरून गप्पा सुरू करी. एके दिवशी मी मोजले. सकाळपासून दुपारपर्यंत ती मुलगी सात वेळा जागेवरून उठली आणि प्रत्येक वेळी नव्या जागी बसली. ती स्वतःच्या मर्जीने एकदाही उठली नव्हती. बाहेरचे माग बंद होते, त्यामुळे आवाजाचे खापर कारखान्यावर फोडण्याची सोय उरली नव्हती. अडथळा आमच्या घरातलाच होता.

शेवटी आपा उठली. तिने पेटीतून एक जुनी सतरंजी काढली, घडी घालून तीन फूट बाय चार फूट केली आणि कपाटाच्या बाजूला भिंतीशी टाकली. मला म्हणाली, "बाबू, आपल्या घरात दस्तरखान टाकला की त्यावर कोणी पाय देत नाही. जानमाज टाकली की समोरून कोणी जात नाही. सगळ्यांना ठाऊक असते, आता ही जागा जेवणाची आहे, आता ही नमाजची आहे. मग पोरांच्या शिकण्यालाच एक चादर का नसावी?"

मित्रहो, शिक्षणशास्त्राची पदवी घेऊनही जे मला सुचले नाही, ते सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बहिणीने सांगितले. वेगळी खोली बांधणे आपल्यापैकी फार थोड्यांना शक्य आहे. पण एकाच जमिनीवर वेळेप्रमाणे वेगवेगळ्या जागा निर्माण करण्याची कला आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. तीच जमीन सकाळी नमाजची असते, दुपारी जेवणाची आणि रात्री झोपण्याची. या जागा भिंतींनी होत नाहीत. घरातल्या सर्वांनी एक गोष्ट मान्य केलेली असते, म्हणून त्या होतात. अभ्यासाची जागाही अशीच सर्वांच्या मान्यतेने होते.

थोडा हिशेब करा. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट. आमची सतरंजी १२ चौरस फुटांची. म्हणजे खोलीचा एक दशांश भाग, आणि तोही चोवीस तासांतून फक्त दोन तास. यापेक्षा कमी भाड्यात शाळा कोठे मिळेल?

आता ही जागा कशी करावी, हे अनुभवावरून सांगतो. माझ्या माताभगिनींनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे.

पहिली गोष्ट, जागा रोज एकच असावी. ती घरातली सर्वांत चांगली जागा असावी असा आग्रह नाही, पण ती बदलू नये. रोज तेथे बसल्यावर काही दिवसांनी मनालाही सवय लागते आणि बसताक्षणी पुस्तक उघडले जाते. मुलाचे तोंड दरवाजाकडे किंवा टेलिव्हिजनकडे नसावे, भिंतीकडे असावे. भिंतीकडे तोंड करून बसणे ही शिक्षा आहे असे काही मुलांना वाटते. त्यांना सांगा, ही शिक्षा नव्हे, ही तुमची कचेरी आहे.

दुसरी गोष्ट, उजेड. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. नाहीतर त्याच्याच हाताची सावली त्याच्या अक्षरावर पडते. खोलीच्या मधोमध टांगलेल्या दिव्याकडे पाठ करून मूल बसले की वहीवर डोक्याची सावली पडते आणि ते आणखी वाकते. आज नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा पूर्वीच्या साठ वॅटच्या दिव्याइतका उजेड सहज देतो. एक जादा होल्डर भिंतीवर बसवून घ्या. पुस्तक डोळ्यांपासून साधारण फूटभर अंतरावर असावे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मुलाने मान वर करून खिडकीबाहेर लांबवर क्षणभर पाहावे.

तिसरी गोष्ट, लिहिण्याचा आधार. मांडीवर वही घेऊन लिहिणारे मूल पाठीत पोक काढते. रेहलवर पवित्र ग्रंथ कसा मोकळा, उतरता आणि नजरेसमोर राहतो, ते आपण पाहतोच. त्याच विचाराने सुताराकडून एक उतरती फळी करून घ्यावी. मांडी घालून बसल्यावर कोपर जेथे येते, तेवढी तिची उंची असावी. लहान मुलाला नऊ-दहा इंच पुरतात, मोठ्याला फूटभर. सुतार परवडत नसेल तर पाटाखाली दोन-दोन विटा लावा. मात्र पलंगावर अभ्यास नको. पलंग झोपेचा आहे आणि तो आपले काम चोख करतो.

चौथी गोष्ट, पेटी. प्रत्येक मुलाला एक पेटी द्या, पत्र्याची असो वा पुठ्ठ्याची. पुस्तके, वह्या, पेन, पट्टी, कंपास, सारे तीतच राहील. सतरंजी अंथरली आणि पेटी उघडली की शाळा भरली. पेटी मिटली आणि सतरंजीची घडी झाली की शाळा सुटली. एकत्र जागेत शाळा सुटणेही तितकेच महत्त्वाचे असते. ती जागा पुन्हा सर्वांची झाली पाहिजे, नाहीतर घरातले लोक दोन दिवसांत कंटाळतात आणि 'हा पसारा उचला' असे म्हणू लागतात.

पाचवी गोष्ट, भिंत. कपाटाच्या दाराची आतली बाजू किंवा प्लायवूडचा एक तुकडा काळ्या रंगाने रंगवा. झाला फळा. शाळा बंद असताना २०२० साली सोलापूरच्या निलमनगर भागात एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातले धडे रंगविले होते आणि मुले अंतर राखून भिंतीपुढे उभी राहून शिकत होती. ज्यांच्याजवळ फोन नव्हता, त्यांच्यासाठी गल्लीच वर्ग झाली. आपल्या घरातल्या चार फुटांच्या भिंतीला तेवढे काम जमणार नाही काय?

सहावी गोष्ट वेळेची, आणि ती सर्वांत कठीण आहे. जागेचे भांडण बरेचदा वेळेचे भांडण असते. आपल्या घरांत पाच नमाजांचे घड्याळ आहेच, त्यावरच वेळापत्रक बांधा. फज्रनंतरचा तास पाठांतराला उत्तम, कारण तेव्हा घर शांत असते. रातपाळीचा माणूस दिवसा झोपला असेल तेव्हा लिखाणाची आणि गणिताची कामे करावीत, त्यांना आवाज लागत नाही. मोठ्याने वाचावयाचे असेल तर गॅलरीत किंवा जिन्यात जावे. अस्रनंतर मुलांना खेळू द्या. मगरिब ते इशा या वेळेत टेलिव्हिजन बंद असावा, त्यावर चक्क कापड टाकावे. दादीजानची मालिका बुडेल, हे मला ठाऊक आहे. आमच्याही घरी बुडाली. पण टेलिव्हिजनशी आमचे वैर नाही. २०२० साली सह्याद्री वाहिनीवर शाळकरी मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागत असे, तेव्हा आम्ही सतरंजी टेलिव्हिजनपुढेच अंथरीत होतो. यंत्राला आपण वापरावे, यंत्राने आपल्याला वापरू नये. फोनचेही तसेच. फोन एक आणि मुले तीन असतील तर कोणाला किती वेळ मिळणार हे कागदावर लिहा. तोंडी ठरले की थोरल्याच्या हातात जातो.

हे सारे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. आपल्याकडे शुक्रवारी माग बंद असतात, सारे घरी असतात. एका शुक्रवारी कागद घ्या आणि पाच ओळी लिहा. सतरंजीवर बसलेल्याला कोणी काम सांगणार नाही. पाहुणे आले तरी तो उठणार नाही, चहा दुसरे कोणी करील. टेलिव्हिजन अमुक वेळेत बंद. फोन अमुक वेळी अमक्याकडे. सतरंजीवरून कोणी चालणार नाही. खाली दादाजानपासून लहानग्यापर्यंत सर्वांनी सही करावी. आमच्या घरी तो कागद नळाच्या वेळापत्रकाशेजारी चिकटविला होता.

घरात लिहिण्याची सवय कशी रुजते, याचे एक जुने उदाहरण देतो. मुंबईच्या तय्यबजी घराण्यात एकोणिसाव्या शतकात 'अखबार' नावाच्या वह्या ठेवण्याची पद्धत होती. घरातल्या लहानथोरांनी, स्त्रियांनी आणि पुरुषांनीही, त्यांत आपल्या हकिकती लिहावयाच्या. ते श्रीमंत होते, बंगल्यांत राहत होते, हे खरे. पण वहीला बंगला लागत नाही. सतरंजीशेजारी एक वही ठेवा आणि दिवसातून एकाने तरी तीत चार ओळी लिहाव्यात. आमच्या वहीत माझ्या पत्नीने त्या वर्षी महागाईचा हिशेब लिहिला आणि नातवाने बाजूच्या मांजरीला पिल्ले झाल्याची तारीख. मोठे माणूस लिहीत बसलेले मुलांनी पाहिले पाहिजे. बाप फोनवर बोट फिरवीत बसला असेल आणि मुलाला म्हणत असेल, "वाच रे," तर मूल बापाच्या शब्दाकडे पाहत नाही, बापाच्या बोटाकडे पाहते.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर येथे उभा आहे, तिच्याकडे येतो.

सतरंजी पडल्यावर दोन-तीन दिवसांनी दुपारी मी आणि आपा त्या सतरंजीच्या कडेला बसलो होतो. नात अपूर्णांक सोडवीत होती. आपा ते पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात उत्तर काढीत होती, आणि ते नातीच्या आधी निघत होते. मला एकदम आमची जुनी खोली आठवली.

ती खोलीही दहा बाय बाराचीच होती. अब्बा मागावर कामाला होते. घरात आम्ही आठ माणसे. मी आठवीत गेलो, तेव्हा अब्बांनी कारखान्यातून एक रिकामे लाकडी खोके आणले आणि ते उपडे करून दिव्याखाली ठेवले. ते माझे टेबल. आपा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गणितात तिचे डोके माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. पण सातवीनंतर तिची शाळा थांबली. "घरात जागा कुठे आहे दोघांच्या अभ्यासाला?" असे कोणीतरी म्हणाले, आणि ते सर्वांना पटले. ती भिंतीशी बसून कांड्या भरीत असे. माझे व्याजाचे उदाहरण अडले की मी मोठ्याने वाची आणि ती हातातले काम न थांबविता सांगे, "मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, आणि शंभराने भाग." १९७१ साली मी एस.एस.सी. पास झालो. तेव्हा ती परीक्षा अकरावीला असे. मोहल्ल्यात पेढे वाटले. पुढे मी शिक्षक झालो, आणि त्या खोक्याची गोष्ट माझ्या भाषणांतून गरिबीत शिकल्याची गोष्ट म्हणून मोठ्या अभिमानाने कितीतरी वेळा सांगितली.

त्या दुपारी मी आपाला म्हटले, "आपा, तेव्हा आपल्याकडे जागाच नव्हती ना?" तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. सतरंजीची सुरकुती सरळ करीत ती म्हणाली, "बाबू, त्या खोक्याची दुसरी बाजू रिकामीच असायची रे."

बंधूंनो, पन्नास वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. खोक्याला दोन बाजू होत्या. दिवा एकच होता, पण त्याचा उजेड दोन्ही बाजूंना पडत होता. दुसऱ्या बाजूला बसण्यासाठी एक इंचही जादा जागा लागणार नव्हती. लागणार होते ते एवढेच, की संध्याकाळचे दोन तास तिच्या हातातल्या कांड्या दुसऱ्या कोणी भराव्यात. मी ते कधी विचारले नाही. ती जागा मला न मागता मिळाली होती, आणि न मागता मिळालेल्या वस्तूचा हिशेब कोणी विचारीत नाही.

तेव्हापासून कोणी 'जागा नाही' असे म्हणाले की मी विचारतो, "कोणाला नाही?" आपल्या घरांत मुलाला जागा मिळते आणि मुलीला उरलेला वेळ मिळतो. मुलगा अभ्यासाला बसला की घर हळू बोलते. मुलगी बसली की घराला पाणी भरावयाचे आठवते, धाकट्याला सांभाळावयाचे आठवते, पाहुण्यांना सरबत द्यावयाचे आठवते. ती 'आले' म्हणून उठते आणि परत येते तेव्हा तिच्या जागी कोणीतरी उशी टाकून पडलेले असते. म्हणून त्या कागदावरची पहिली ओळ, 'सतरंजीवर बसलेल्याला कोणी काम सांगणार नाही', ही मुख्यतः मुलीसाठी आहे. मुलींनी घरकाम शिकू नये असे मी म्हणत नाही. मुलांनीही शिकावे असे म्हणतो. मुलगी सतरंजीवर असेल तेव्हा मुलाने पाणी भरावे आणि मुलगा सतरंजीवर असेल तेव्हा मुलीने. मग दोघांनाही दोन-दोन तास मिळतात आणि हंडाही भरतो. आमचा नातू तिसरीत असताना चहा करावयास शिकला. पहिले आठ दिवस तो चहा आम्ही कसा प्यालो ते आम्हांलाच ठाऊक, पण प्यालो.

एक इशाराही दिला पाहिजे. माझ्या या सांगण्याचा कोणी उलटा अर्थ काढू नये. आमच्या गल्लीतली एक मुलगी शाळा बंद झाल्या तेव्हा आठवीत होती. हुशार. तिच्या घरीही मी सतरंजी टाकावयास लावली आणि ती मन लावून अभ्यास करू लागली. २०२१ साली शाळा उघडल्या, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला पाठविले नाही. म्हणाले, "सर, तुम्हीच तर दाखवलेत, घरी चांगला अभ्यास होतो. मग बाहेर कशाला?" मी तीनदा त्यांच्याकडे गेलो. तिन्ही वेळा त्यांनी मला आदराने बसविले, चहा दिला आणि "बघू" म्हणाले. ती शाळेत परत आली नाही. माझीच सतरंजी तिच्या पायात आली, याचे दुःख मला अजून आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो. घरातली जागा ही शाळेला जोड आहे, शाळेच्या बदली नव्हे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान, चार मैत्रिणी, प्रश्न विचारल्यावर उत्तर देणाऱ्या शिक्षिका, हे काही सतरंजीवर मावत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो हक्क मुलीचा आहे, आपल्या मर्जीचा नाही. पण ज्यांची शाळा काही कारणाने सुटलीच, त्यांच्यासाठीही दार बंद झालेले नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त शाळा, जी आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते, तिच्यामार्फतही परीक्षा देता येते. आमच्या गल्लीतल्या त्या मुलीने अखेर १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. आपल्याच शाळेतल्या एक शिक्षिका तिला आठवड्यातून तीन दिवस शिकवितात. निकाल अजून लागावयाचा आहे. तुम्ही सर्वांनी तिच्यासाठी दुआ करा.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक नम्र विनंती आहे. आपल्या शाळेच्या वर्गखोल्या संध्याकाळी कुलूप लावून रिकाम्या असतात, आणि त्याच वेळी आपल्या मोहल्ल्यातली मुले जिन्यात आणि रस्त्याच्या दिव्याखाली जागा शोधीत असतात. मगरिबनंतर दोन वर्ग अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावेत. एक वर्ग मुलींचा असावा, आणि मुलींना घरी पोचविण्याची जबाबदारी पालकांनी आपसांत पाळी लावून घ्यावी. दोन पंखे, सहा दिवे आणि एक विश्वासू माणूस, एवढाच खर्च आहे. निवृत्त माणसाला वेळेची कमतरता नसते. पहिले सहा महिने तेथे बसावयास मी तयार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुम्हांला मिळालेली जागा कोणीतरी सोडलेली आहे, हे विसरू नका. अब्बा तुमच्यासाठी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपतात, अम्मी फोडणी उशिरा देते, दादी आपली मालिका सोडते. सतरंजीवर बसून नुसती पाने उलटलीत तर त्या साऱ्यांची जागा तुम्ही वाया घालविलीत. आणि मुलांनो, अभ्यासाला बसल्यावर एकदा मान वर करून पाहा. तुमच्या खोक्याची दुसरी बाजू रिकामी असेल, तर तुमच्या बहिणीला हाक मारा. तिच्या हातात काम असेल तर ते आधी तुम्ही संपवा. मी ते केले नाही.

पालकहो, आज घरी गेल्यावर वेगळी खोली कधी बांधू याचा विचार करीत बसू नका. पेटीतली एक सतरंजी काढा, झटका, आणि कोणत्या भिंतीशी टाकावयाची हे मुलांनाच विचारा. उद्यापासून नव्हे, आज रात्रीपासून.